पिवळ्या मातीतला उपाशी

मी बोलतोय, मध्ये तोंड घालू नका. मी जिवाणू. मातीतला. दिसत नाही म्हणून जमेत धरायचं नाही, ही तुमची जुनी खोड.

माझा जन्म बंद पडलेल्या कारखान्यामागचा. तिथं तोफगोळ्यांत दारू भरायचे आणि सांडपाणी मागं सोडून द्यायचे. माती पिवळी पडली, गवत उगवेना. भिंतीपलीकडच्या वस्तीच्या विहिरीला लालसर पाणी यायला लागलं. माझे भाऊबंद पटापट मेले. मी चिवट. दुसरं काही मिळेना, मग ती दारूच खायला शिकलो.

तिचा कण म्हणजे एक कडं आणि त्याला तीन काटे. माझ्या अंगात एक पकड तयार होते, ती काटे मोडते. शिकलेले तिला एन्झाइम म्हणतात. म्हणू देत. काट्यात नायट्रोजन असतो, तो माझा घास.

एक दिवस प्रयोगशाळेतली बाई आली. माझ्याकडूनच माती साफ करून घ्यायची म्हणून तिनं ती खोदून मोठ्या खड्ड्यात भरली, पाणी शिंपडलं. राखणीला तिचा बाप. कारखान्याचा जुना मुकादम, तळहात अजून पिवळे.

दर आठवड्याला बाई मातीच्या अर्कात औषधाचा थेंब टाकायची. दारू असली की अर्क लाल. तीन आठवडे रंग उतरत गेला. चौथ्याला अडला. तपासनीस यायला बारा दिवस उरलेले. रंग दिसला तर माती भट्टीत आणि विहीर कायमची बुजवणार.

"बाबा, खड्ड्यात काही टाकलंत का?"

"छे. मूठभर युरिया."

"मूठभर?"

"बरं, घमेलंभर. अगं, उपाशी गडी राबतील कसे? चाळीस माणसं सांभाळलीत मी."

"बाबा, ते उपाशी आहेत म्हणूनच राबताहेत!"

खोटं कशाला बोलू? आयतं ताट समोर आल्यावर काटे कोण मोडत बसतो? मी हात आखडले होते. तुम्हीही तेच केलं असतंत.

बाईनं लाकडाचा भुसा आणि साखर कारखान्यातली मळी आणून मिसळली. त्यावर मातीतली सगळी जमात तुटून पडली आणि त्या नादात युरियाचा फडशा पाडला. पुन्हा पोटात खड्डा. पुन्हा काटे.

म्हातारा रोज फावड्यानं माती वरखाली करायचा. एकदा लेकीकडं न बघताच म्हणाला, "विहिरीकडं जाणारी ती सांडपाण्याची नाली मीच खोदून घेतली होती. साहेब म्हणाले, खोद. खोदली."

बाईनं दुसरं फावडं उचललं.

बारावा दिवस. तपासनीसानं काचेच्या नळीत अर्क घेतला. मी पकड आवळून बसलो. थेंब पडला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

"बाबा, बघा तरी."

पाण्यासारखा स्वच्छ.

तपासनीस गेला. म्हातारा बराच वेळ खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. मग खिशातून कागदाची पुडी काढली. युरिया.

"आता?"

"आता घाला."

दारू संपली तसा माझा घासही संपला होता. त्याच्या पिवळ्या बोटांतून पांढरे दाणे पडले, आणि या वेळी कामचुकारपणा न करता, हक्कानं मी काटा न मोडता जेवलो.

एवढंच सांगतो. काम होईपर्यंत उपाशी ठेवा, माझी तक्रार नाही. झाल्यावर मात्र विसरू नका.