दोन रहाटांखालचा तळ

मी एक जुना गळ आहे. मासे धरायचा नव्हे, विहिरीत पडलेली भांडी काढायचा. मित्रांनो, तुमच्या घरी नळ आहे, तेव्हा तुम्ही मला पाहिलं नसेल. एक जाड लोखंडी कडी, तिला वाकडे आकडे आणि वर लांब दोर, एवढाच मी.

आत्मवृत्त जन्मापासून सांगायचं असतं. मला ते जमत नाही. विहिरीत आधी लागतं ते नवं असतं, जुनं तळाशी. मी जन्मभर तसंच शोधत आलो, म्हणून सांगणारही तसंच. वरून खाली.

काठ. मे १९९३.

ठाण्यात खाडीकडच्या एका आळीत विहीर होती. तिला दोन रहाट. अलीकडचा दुमजली घरांचा, पलीकडचा कोळ्यांचा. त्या दिवशी माझा दोर सगुणाबाईंच्या हातात होता. त्या कोळ्यांच्या, आणि मी त्यांच्याच घरचा. अलीकडच्या काठावर विमलाबाई उभ्या होत्या, समोरच्या दुमजली घराच्या मालकीणबाई. मधे बिल्डरचा माणूस दौलत, यादी घेऊन. सोमवारी विहीर बुजणार होती. तिथे इमारत येणार होती आणि १९६०च्या आधीपासून राहणाऱ्यालाच तिच्यात खोली मिळणार होती. सगुणाबाईंचे जुने कागद खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा गेले. नवरा तानाजी मोहने गावच्या कारखान्यात पाळीवर गेलेला. म्हणून त्या एकट्याच आल्या होत्या.

"सासूचा हंडा हाय आत," त्या म्हणाल्या. "नाव, गाव, साल, सगलं घातलेलं."

"मावशी, हंडा बघून खोली देऊ? उद्या कोण कढई घेऊन येईल."

"तू थांब रे जरा. तुझी यादी काय पलून जात नाय."

एक हात गाळ.

प्लास्टिकचा मग आला. मग बादलीची कडी. हा थर नळ आल्यानंतरचा. तेव्हा मी दाराआड खिळ्याला टांगलेला होतो. आठ वर्षं मला कुणी बोलावलं नाही. पाली माझ्यावरून ये-जा करत.

तीन हात.

स्टीलचा तांब्या, डब्याचं झाकण, पुन्हा तांब्या. सगळ्यांवर यंत्राने कोरलेली नावं, आणि सगळी अलीकडच्या घरांतली.

"आमचं यक पन नाय," सगुणाबाई म्हणाल्या.

का नाही, हे मला माहीत होतं. अलीकडचं भांडं पडलं की माझ्यासाठी निरोप यायचा. दोनदा फिरवून नाही लागलं, तर बाजारातून दुसरं यायचं. पलीकडचं पडलं की कुणीतरी थेट उडीच मारायचं आणि भांडं घेऊनच वर यायचं. गरिबाच्या घरचं काही विहिरीत मुक्कामाला राहत नसे. म्हणून तळ चाळलात तर वाटेल, या आळीत फक्त दुमजली घरंच होती.

आणि तो हंडा? मित्रांनो, तो विहिरीत नव्हताच. एका वर्षी खाडीत मासळी मिळेना, तेव्हा सासूबाईंनी तो मोडीत घातला. पुढे नवी सून म्हणून आलेल्या सगुणाबाईंनी हंडा कुठे म्हणून विचारलं, तर त्यांनी विहिरीकडे बोट केलं. मोडीत गेला म्हणण्यापेक्षा पडला म्हणणं बरं वाटलं असेल. मी तिथेच टांगलेला होतो, पण गळाला बोलता येत नाही. म्हणून मी गाळात फिरत राहिलो आणि सगुणाबाई दोर ओढत राहिल्या. त्यांचे तळवे सोलले होते.

तळ.

शेवटी काहीतरी जड अडकलं. वर आली ती पितळेची घागर. विमलाबाई रहाटाला वळसा घालून पलीकडे आल्या आणि त्यांनी पदराने गाळ पुसला. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव दिसलं. सौ. विमल, १९५८.

"ही माझी," त्या हळूच म्हणाल्या.

सगुणाबाईंनी हातातला दोर खाली टाकला.

"लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पडली," विमलाबाई सांगू लागल्या. " मी रडत इथेच उभी. पलीकडून तुझी सासू म्हणाली, रडू नको गो, आमचा गळ हाय. धावत घेऊनही आली."

"मंग काढली नाय?" सगुणाबाईंनी विचारलं.

विमलाबाई घागरीकडेच बघत होत्या. "आमच्या सासूबाई नको म्हणाल्या. तुमच्या गळाने काढलेलं घरात कसं घ्यायचं म्हणून. दुसरी आणली."

खरं आहे. त्या दिवशी मी काठावर कोरडाच पडून होतो. पुढे दोन वर्षांनी त्याच घरातून निरोप आला, गळ पाठवा. तेव्हा कुणाला काही आठवलं नाही.

दौलतने यादीतून मान वर केली. "काकू, म्हणजे अठ्ठावन्न साली हे लोक इथे होते?"

"होते ना. माझ्या आधीपासून."

"मग तेवढं लिहून द्या. जुन्या शेजाऱ्याचं चालतं."

विमलाबाईंनी पेन घेतलं. 'आमच्या समोरचे गळवाले' असं लिहिलं.

"गळवाले नाही चालणार. नाव लागेल."

पेन थांबलं. पस्तीस वर्षांत त्या घरातून गळ आला होता, मासळी आली होती, दिवाळीचं ताट गेलं होतं.

"सगुणा," त्या म्हणाल्या, "तुमचं आडनाव काय गं?"

"वैती."

"सासऱ्यांचं नाव?"

"भिवाजी."

"आणि सासूबाईंचं?"

"ते लागत नाही काकू," दौलत म्हणाला.

"मला लागतंय."

"जनी," सगुणाबाईंनी सांगितलं.

विमलाबाईंनी ते सगळ्यात वर लिहिलं. कागद यादीला टाचला गेला आणि वैतींचं घर यादीत चढलं. सोमवारी विहीर बुजली.

मित्रांनो, तुम्ही भांड्यांवर नावं घालता, ते ठीकच आहे. पण ज्या माणसाच्या हातून तुमच्या घरात काही येतं, त्याचं नाव तो समोर उभा असतानाच विचारून घ्या. जनीबाई १९८४ साली वारल्या. तोवर रोज सकाळी त्या पलीकडच्या रहाटावर पाणी भरत होत्या.