शिंप्याची शिकवणी

शिंप्याची सहा वर्षांची लेक शिलाईयंत्राच्या लयीवर दिवसभर गात असे. त्या कंठाचे चीज व्हावे म्हणून शिंप्याने मोठ्या खटपटीने एक गायनशिक्षिका शोधून काढली. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले, "मी सांगेपर्यंत घरी गायचं नाही. गळा बिघडतो."

लेक भलतीच आज्ञाधारक निघाली. घरात केवळ यंत्राची खडखड उरली.

"गाणं शिकायला धाडलीत आणि पोर मुकी करून आणलीत," शिंपीण म्हणाली. "तेलही गेलं नि तूपही गेलं."

शिंप्याने पुष्कळ मनधरणी केली, परंतु लेक तोंड उघडीना. अखेरीस ती शांतता असह्य होऊन तो स्वतःच, बाही जोडता जोडता, तिचे लाडके गाणे गाऊ लागला.

दुसऱ्याच ओळीला लेकीने कानांवर हात ठेवले. "बाबा, असं नाही. ऐका." तिने ती ओळ गाऊन दाखविली, मग पुढची, मग सबंध गाणे.

"अगं, बाईंची मनाई आहे ना?"

"मी कुठे गातेय? तुम्हाला शिकवतेय."

शिंपीण कौतुकाने त्याच्या कानाशी कुजबुजली, "मुद्दाम बेसूर गायलात ना? डोकं आहे हो तुम्हाला."

शिंपी सुईत दोरा ओवीत राहिला. तो अगदी जीव ओतून गायला होता.