खालचं टोक

घरात नवीन माणूस आला की हमखास विचारायचा, "हा फ्रिज बैठकीत का ठेवलाय?" अण्णांना याचा असा राग यायचा की त्या माणसाला चहा मिळायचा तो गारच. तो फ्रिज नव्हता. ते अण्णांच्या बेस गिटारचं स्पीकर-कॅबिनेट होतं, आणि त्याच्या डोक्यावर बसलेला जड लोखंडी डबा म्हणजे आवाज मोठा करणारा जुना, बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप. अण्णा त्याला बाईसाहेब म्हणायचे. कारण उठायला वेळ लावायच्या, नखरे भरपूर, आणि एकदा बोलायला लागल्या की समोरच्याची छाती दणाणायची.

अण्णांनी उभं आयुष्य हॉटेलांत आणि हॉलांत बेस वाजवण्यात घालवलं. आता त्यांची आठवण ठिकठिकाणी उसवली होती. जेवण झालं का ते आठवायचं नाही. बायको गेली हे आठवायचं नाही, आणि कुणी आठवण करून दिली की नव्याने रडायचे. त्यांना सांभाळणारी धाकटी मुलगी त्यांना कधी बहीण वाटायची, कधी घरमालकीण. पण दुपारी बाईसाहेबांसमोर बसले की माणूस ठिकाणावर यायचा. आधी हात अँपच्या मागे जायचा आणि स्पीकरच्या केबलचा प्लग चाचपायचा. मग पहिलं बटण. व्हॉल्व्ह नारिंगी होईपर्यंत थांबायचं. मग दुसरं बटण. यात एकदाही चूक नाही. "चिमणे, ऊब आली गं!" अशी हाक मारायचे, आणि ती चिमणी म्हणजे धाकटीच. पन्नाशीला आलेल्या बाईला चिमणी म्हणवून घेण्यासाठी दुपारची वाट बघावी लागत होती, आणि ती बघायची.

घोडं अडलं ते वरच्या मजल्यावर. तिथे राहायला आलेल्या नर्सबाई रात्रपाळी करून दिवसा झोपायच्या. बेसचा आवाज कानांपेक्षा भिंतींना जास्त लागतो, कितीही बारीक ठेवला तरी छतातून वर चढतो. धाकटीने कॅबिनेटखाली गाद्या घातल्या, आवाजाचं बटण खाली आणलं. तिची पाठ वळली की अण्णा ते परत वर न्यायचे. शेवटी घरमालक दारात उभं राहून म्हणाला, "आणखी एक तक्रार आली तर दुसरं घर बघा." याच घरात ज्याला न्हाणीघराचं दार केवळ पायांच्या सवयीने सापडतं, त्या माणसाला घेऊन ती जाणार कुठे? आणि बाईसाहेबांना हलवलं, तर अण्णांचं उरलंसुरलं काय?

मग धाकटीने डोकं चालवलं. वरचा प्लग काढला तर अण्णांच्या हाताला कळणार. म्हणून तो तसाच ठेवून तिने केबलचं खालचं टोक कॅबिनेटमधून उपसलं आणि मागे भिंतीशी टाकून दिलं. केबल कशाला चाचपायची हे तिने अण्णांना कधी विचारलं नव्हतं. केबल नसली तर आवाज येणार नाही, आणखी काय व्हायचंय, असं तिला वाटलं.

दुपारी हात मागे गेला. प्लग जागेवर होता. व्हॉल्व्ह नारिंगी झाले. अण्णांनी तार छेडली, थांबले, परत छेडली, आणि मान हलवत वाजवत राहिले. धाकटी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि खोटं कशाला, तिला जरा चीडही आली. इतकी वर्षं घर डोक्यावर घेतलं, आणि आता आवाज नसला तरी यांना चालतं!

पुढचे काही दिवस घर शांत होतं. फक्त "ऊब आली गं" ऐकू येईना. मग तिच्या लक्षात आलं की आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असतं. एकदा तर अण्णा अँपच्या डब्याला कान लावून वाजवताना दिसले.

"काय झालं अण्णा?"

"कुठे काय! आज जरा लांबून येतोय आवाज, इतकंच." ते घाईघाईने सरळ बसले.

त्याच आठवड्यात वास आला. जळक्या वार्निशचा, घशाला धरणारा वास, आणि डब्यातून धूर. धाकटीने धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

सोल्डरकाका आले. ते अण्णांच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे आणि उरलेल्या वेळात सगळ्यांचे अँप दुरुस्त करायचे. हे नाव धाकटीनेच लहानपणी ठेवलेलं. त्यांनी डबा उघडला, हुंगला आणि कपाळाला हात लावला.

"स्पीकरशिवाय चालवलाय. आतल्या जोराला बाहेर पडायला वाट नाही मिळाली की तो ट्रान्स्फॉर्मरच जाळतो. अरे, नवशिक्यालाही हे पहिल्या दिवशी सांगतात!"

"मीच जाळलं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "मला ऐकू येत नव्हतं रे. म्हटलं, डोकं गेलं, आता कानही गेले. पोरीला सांगितलं असतं तर तिने हेही बंद केलं असतं. म्हणून गप्प बसलो, आवाज वाढवत गेलो. पण मी प्लगवर हात फिरवला होता. निदान वाटतंय तरी तसं." आणि ते आपल्या हाताकडे बघत बसले, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखे.

काकांनी कॅबिनेटमागून केबलचं मोकळं टोक वर उचललं. धाकटीकडे पाहिलं आणि तिला आत बोलावलं.

"वरचा प्लग काढला असतास तरी वाचल्या असत्या बाईसाहेब," ते हळूच म्हणाले. "प्लग निघाला की आपोआप सांभाळून घ्यायची सोय आहे त्यांच्यात. प्लग आत आणि खाली काहीच नाही, हे त्यांना कळत नाही. तो का ठेवलास?"

ती बाहेर आली आणि अण्णांच्या पायाशी बसली.

"अण्णा, तुमचा हात चुकला नाही. कानही शाबूत आहेत. केबल मी काढली होती."

अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी बरोबर होतो?" ते काकांना म्हणाले, "ऐकलंस ना?" मग हसू विरलं. "मी जिवाचा कान करून ऐकत होतो, आणि तू तिथे उभी राहून बघत होतीस?"



दुसऱ्या दिवशी अण्णा हे सगळं विसरले. पण लाज मात्र विसरले नाहीत. "बाईसाहेबांना मी जाळलं," म्हणत खिडकीशी बसून राहिले. धाकटीला परत सांगावं लागलं. परत तो उजळलेला चेहरा, परत तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी तेच. न सांगावं तर ते स्वतःला खात बसायचे. सांगावं तर रोज नव्याने त्यांच्या मनातून उतरायचं. ती सांगत राहिली.

मधल्या काळात ती जिना चढून वर गेली. "संध्याकाळी वाजवू देत की, तेव्हा मी ड्यूटीच्या तयारीत असते," नर्सबाई म्हणाल्या. "एवढं विचारायचं होतं फक्त." धाकटी आल्या पावली खाली आली आणि जिन्यावरच बसून रडली.

ट्रान्स्फॉर्मरची तार नव्याने गुंडाळून काकांनी बाईसाहेबांना परत आणलं. संध्याकाळी अण्णा समोर बसले. हात मागे गेला, प्लग चाचपला. आणि मग, आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. गुडघे धरून, कण्हत ते खाली बसले, कॅबिनेटच्या मागे हात घातला आणि खालचं टोकही चाचपलं. ते घट्ट होतं. तरी त्यांनी पहिलं बटण दाबलं नाही. वळून धाकटीकडे पाहिलं, परक्याकडे पाहावं तसं.

"बाई, तुम्ही जरा बाहेर थांबता का? राग मानू नका. का ते मला सांगता येणार नाही, पण हे चालू करताना तुम्ही इथे नको."

"बरं," धाकटी म्हणाली. ती बाहेर आली, तिने दार लोटून घेतलं.

आत बटण वाजलं. बराच वेळ काही नाही. मग दुसरं बटण, आणि पहिला सूर फरशीतून तिच्या तळव्यांना लागला.

"चिमणे, ऊब आली गं!" आतून अण्णांनी हाक मारली. "अगं, कुठे आहेस तू?"

धाकटी कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.