नाव झाकणारा शिक्का

लाकडी मुठीचा, एका कडेने झिजलेला जुना शिक्का आहे मी, मित्रांनो. पोलीस कचेरीच्या नक्कल विभागात, कारकूनबाईंच्या टेबलावर माझा मुक्काम. माझ्या रबरावर एवढंच कोरलंय, ‘पीडित, नाव गोपनीय’.

मला बनवलं ते चांगल्या कामासाठी. एका बाईला नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं होतं. ती कुठे लपलीय, हे त्याला पोलिसांच्याच कागदावरून कळलं आणि त्याने तिला गाठलं. मग खूप ओरड झाली, पीडितांच्या हक्कांचा कायदा आला आणि त्याच्या पाठोपाठ मी आलो. तक्रारीची नक्कल बाहेर जाण्याआधी पीडिताचं नाव मी झाकायचो. एकदा एक मुलगी माझा ठसा बघून म्हणाली, “आता जरा झोप लागेल.” लाकडाचा असलो म्हणून काय झालं, माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

यंदा मात्र ती फाइल आली. नळ दुरुस्त करणारा एक तरुण काम आटपून घरी निघाला होता, हातात लोखंडी पाना. एका शिपायाला तो पाना पिस्तूल वाटला. त्याने तीन गोळ्या झाडल्या आणि तरुण रस्त्यातच गेला. पुढे त्याच शिपायाने लिहून दिलं, ‘हल्ला माझ्यावर झाला, पीडित मी आहे, माझं नाव झाका.’ साहेबांनी अर्ज मंजूर केला.

तरुणाची आई नक्कल घ्यायला आली. ती लॉन्ड्रीत इस्त्री करते, हातांवर भाजल्याचे डाग आहेत. बाईंनी मला पॅडवर टेकवलं आणि शिपायाच्या नावावर दाबलं. अकरा ठिकाणी. तिच्या मुलाचं नाव मात्र ‘हल्लेखोर’ म्हणून ठळक, घरच्या पत्त्यासकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने ओळींवर बोट ठेवून सगळं वाचलं. “बाई, गेला माझा मुलगा. मग पीडित हा कसा?”

“मावशी, कायद्यात तसंच बसवलंय. माझ्या हातात काही नाही.”

बाईंच्या हातात तेव्हा मीच होतो.

“मी रोज बसने जाते,” आई म्हणाली. “उद्या तो शेजारी येऊन बसला, तर मला कळणार कसं?”

बाईंनी सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंच कुणी या टेबलाशी बसेल, कुणी साहेब होईल. मला उचलण्याआधी एवढं विचारा, की जीव कोणाचा गेला आणि बंदूक कोणाकडे होती. मला नाही म्हणता येत नाही. दाबलं की मी उमटतो.

ती आई दर महिन्याला नवा अर्ज आणते. मागणी एकच, नाव सांगा. आज सातवा अर्ज आलाय. बाईंनी पॅडचं झाकण उघडलंय.