भंडाऱ्याचा कौल

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाई सारजांना, कुणी खुळी म्हटलं तर मी त्याची जीभ हासडीन; पण रोज सकाळी त्यांच्यावर चिडायचे ती मीच. माझे मालक शंभूराज जळोचीजवळ मोटरसायकलवरून पडले, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेत. डोळे उघडे असतात, पण बघत कुणाकडेच नाहीत. आमची मेंढरं कधीच गेली, बिरोबाचा भंडारा तेवढा घरात राहिला. आत्याबाई रोज तो लेकाच्या कपाळाला लावतात. लावताना हळद डोळ्यात सांडते आणि डोळा घट्ट मिटतो. आत्याबाईंनी त्यालाच देवाचा कौल ठरवलं.

"शंभू, दूध देऊ का रं?" डोळा मिटला, की मला हाक. "बघ, व्हय म्हनला!"

बारामतीच्या डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं होतं. बुबुळाला काही लागलं की ट्रायजेमिनल नावाची नस ती खबर मेंदूच्या देठापाशी नेते, आणि तिथूनच फेशियल नस पापणीच्या स्नायूला हुकूम सोडते. त्या माणसाला काय हवंय, हे त्यात कुणी विचारतच नाही. मी हे आत्याबाईंना दहादा सांगितलं. त्या ऐकून घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी.

परवा इंदापूरहून माझा भाऊ संभाजी आला. "मने, अजून तुझं वय काय? चल घरी. जन्म का जाळतीस?"

मी उसळले. "हे सोता जा म्हनले तर जाईन! तवर मला न्यायला येऊ नगंस."

आत्याबाई चुलीपुढून उठल्या. भंडाऱ्याची डबी घेऊन खाटेपाशी गेल्या. मी मागोमाग धावले.

"आत्याबाई, नगा!"

"शंभू," त्या म्हणाल्या, "मनिषाला जाऊ देऊ का रं?"

हळद सांडली. डोळा मिटला.

दोन्ही नसांची नावं मला तोंडपाठ होती. तरी ह्यांनीच मला जा म्हटलं, असं वाटलं आणि काळीज फाटलं माझं. मी ओरडले, "त्यो कौल न्हाय! तुमी हितंच ठेवू का म्हनला असता, तरी डोळा मिटलाच असता!"

"ठावं हाय मला." आत्याबाई डबीचं झाकण लावत होत्या, ते लागेना. "म्हनून तर ठेवू का, असं इचारलं न्हाय."

मी खाटेवर बसले आणि ह्यांच्या पापणीवरची हळद पुसायला पदर पुढे केला. पदर लागला तसा डोळा पुन्हा मिटला.