घरभाड्याची ओळ

जून सरत आला तरी आमोदने फॉर्म सोळा, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, दाखवला नव्हता. कंपनीकडून तो आला की त्याची छापील प्रत आईच्या टेबलावर ठेवायची, हा त्या घरचा रिवाज. हेमाताई बुधवार पेठेतल्या एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या होत्या. बत्तीस वर्षे त्यांनी साऱ्या शिक्षकांची पगारपत्रके स्वतःच्या हाताने केली होती. विश्रांतवाडीचा हा फ्लॅटही त्यांनी स्वतःच्या फंडातून, स्वतःच्या नावावर घेतलेला. अशा बाईच्या मुलाने आपला वर्षाचा हिशेब परस्पर सरकारला कळवावा, हे त्यांच्या लेखी अशोभनीय होते.

शेवटी रविवारी, दुपारच्या चहानंतर, त्यांनीच विषय काढला.

"अगं, त्यात तपासायचं काय? सगळं कॉम्प्युटर करतो," आमोद म्हणाला.

"पगार कॉम्प्युटरला मिळतो का? आण."

त्याने आणला. हेमाताईंनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली. पहिल्या भागात काही शंका नव्हती. कंपनीने दर तिमाहीला किती कर कापला आणि किती भरला, हे आकडे एकमेकांना जुळत होते. त्या खूण करीत पुढे गेल्या. दुसऱ्या भागात पगाराची फोड होती. मूळ पगार, भत्ते, मग करातून वगळलेल्या रकमा. पूर्वी अशी पन्नास पत्रके त्या एका बैठकीत उरकीत. आता एका पानावरच मान अवघडली. तरी पेन्सिल एका ओळीवर थांबली. घरभाडे भत्ता, करमुक्त रक्कम एक लाख बत्तीस हजार.

"आमोद, ही सूट भाडं भरणाऱ्याला मिळते. तू कुणाला भाडं भरतोस?"

"तुला," आमोद हळूच म्हणाला.

"मला?"

"म्हणजे कागदावर. महिना पंधरा हजार. फ्लॅट तुझ्या नावावर आहे ना. पॅन नंबरही तुझाच दिलाय."

सून सुरुची स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, सगळेच करतात हो. माझ्या बहिणीकडे, ऋचाकडेसुद्धा—"

"ऋचाच्या घरात मी राहत नाही," हेमाताई म्हणाल्या. सुरुची आत गेली.

हेमाताई आमोदकडे वळल्या. "भाड्याच्या पावत्या लागतात. त्यांवर घरमालकाची सही लागते. माझी सही कुणी केली? तू?"

"आई, काय बोलतेस! मी तुझी खोटी सही करीन?" आमोद खरोखर दुखावला. त्याने मोबाईलमधला एक फोटो शोधून समोर धरला. तिमाहीच्या चार पावत्या होत्या, प्रत्येकीवर महसुली तिकीट, आणि तिकिटावर आडवी सही. ओळीवरून खाली घसरलेली, पण त्यांचीच.

हेमाताई ती सही न्याहाळत बसल्या. जानेवारी. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी होती. आमोद कागदांचा गठ्ठा घेऊन आला होता.

"सोसायटीचे कागद आहेत म्हणाला होतास."

"सोसायटीचेही होते त्यात दोन."

"आणि मी वाचले नाहीत."

"तुला दिसत नव्हतं गं."

"तेव्हा वाचून दाखव म्हणायला हवं होतं मी."

शाळेत खुद्द मुख्याध्यापकांचा कागदही त्यांनी न वाचता कधी पुढे सरकवला नव्हता. लोक त्यांना खडूस म्हणत, आणि त्यांना ते आवडे. आता पोराला झोडपण्याइतका राग अंगात होता, पण तो राग धरून उभे राहायला बळ नव्हते.

आमोद खुर्ची ओढून जवळ बसला. "हे बघ, सोपं आहे. तू तुझ्या रिटर्नमध्ये भाडं मिळालं म्हणून दाखव. तुझं पेन्शन केवढंसं, तुला कर लागणारच नाही. दोन्हीकडे जुळेल."

"जे पैसे मी पाहिले नाहीत, ते घेतले म्हणून लिहू? एका खोट्या कागदाला दुसऱ्याचा टेकू?"

"मग काय करू?"

"तुझा रिटर्न अजून भरायचाय ना? ही सूट त्यात मागू नकोस."

"आई, सत्तावीस हजार भरावे लागतील! गाडीचा हप्ता आहे, आणि—"

"सत्तावीस हजार चारशे छप्पन्न," हेमाताई म्हणाल्या. हा आकडा त्यांनी समासात आधीच मांडला होता. "अर्धे मी देते."

"तू कशाला? भरायचे तर मी भरीन."

"पावती तू लिहिलीस, सही मी केली. वाद घालू नकोस. आज माझ्यात तेवढी ताकद नाही."

त्यांनी चेकबुक काढून तेरा हजार सातशे अठ्ठावीसचा चेक लिहिला. प्रत्येक अक्षरावर रेंगाळत, दोनदा वाचून, मग सही केली. आमोदने तो घेतला आणि लॅपटॉप उघडला.

"भरून झालं की तपासशील ना?" त्याने विचारले. विचारताना तो लहान वाटला.

हेमाताईंनी चष्मा काढला आणि पाठ टेकली. "डोळे दुखताहेत. तू वाच, मी ऐकते. एकही ओळ गाळायची नाही."

तो वाचू लागला. मूळ पगार. महागाई भत्ता. मग जरा थांबून, "घरभाड्याची सूट, शून्य."

"पुढे," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या.