गेली तशीच

लेक परदेशी शिकायला निघाली, तेव्हा आमच्या पेडण्याच्या सातेरीदेवीपुढे, तिचं रूप असलेल्या वारुळाला हात लावून, मी एक नवस बोलले होते. बोलले म्हणजे मनातच. "आई, माझी तेजू जशी गेली तशीच परत येऊ दे, तुझी ओटी भरीन." ओठसुद्धा हलवले नव्हते, मागितलेलं दुसऱ्या कानाला कळलं तर फळत नाही, असं आमच्याकडे मानतात.

निघायच्या आदल्या दिवशी वडे तळताना तेल उडून तेजस्विनीच्या अंगठ्याशी फोड आला होता. काही वर्षांनी ती परत आली, विमानतळावर मी तिचा हात हातात घेतला, तर अंगठ्याशी तसाच फोड, पाण्यानं टचटचीत. वाटलं, प्रवासात चहा सांडला असेल. ओटी भरली आणि गप्प राहिले. ती डिचोलीच्या एका कॉलेजात शिकवू लागली, अख्खा पावसाळा उलटला, फोड काही सुकला नाही. विचारलं की म्हणायची, "दुखत नाही गो, आई."

मग गौरवीचं प्रकरण आलं. आमच्याजवळच्या चोपडे गावची मुलगी, तेजूच्या वर्गातली, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. तिनं आपल्या घरच्या व्रताची कहाणी लिहून दिली होती, आणि कॉम्प्युटर म्हणत होता, शब्दन्‌शब्द दुसऱ्या कुणाच्या तरी निबंधातला आहे. तेजूनं येत्या सोमवारी हे वर कळवलं, तर मुलीचं वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की बाप तिला घरी बसवणार.

"तिकडं याला चोरी म्हणतात," तेजू म्हणाली. "एक वाक्य उचललं तरी काढून टाकतात."

"आणि आमच्यात एक शब्द बदलला तर व्रत मोडतं. मी नुसती खोकले, तरी तुझी आजी कहाणी पहिल्यापासून सांगायला लावायची. बोलाव गौरवीला. तोंडानं सांगू दे."

रविवारी दुपारी गौरवी आली, हातात पाववाल्या पोदेराकडचे गरम उंडे. "लाच नव्हे हां, काकी. चहाबरोबर."

तेजू हसली नाही. आम्ही तिघींनी मुठीत अक्षता घेतल्या. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नसते. गौरवी डोळे मिटून, मान किंचित हलवत, सांगू लागली. एका बाईची लेक समुद्रापलीकडे निघाली. बाईनं वारुळाला हात लावला आणि ओठ न हलवता म्हणाली, आई, माझी लेक जशी गेली तशीच परत येऊ दे, तुझी ओटी भरीन.

माझ्या मुठीतले तांदूळ घामानं चिकटले.

"लेक परत आली," गौरवी सांगत होती, "अंगावरची खूणसुद्धा तीच. बाईला आनंद झाला. तशी देवी म्हणाली, बाई गो बाई, तू तर गेली तशीच मागितलीस, मग तिकडं बदलली ती..."

"पुरे," तेजू म्हणाली. तिच्या अक्षता टेबलावर सांडल्या होत्या.

"कहाणी अर्धी सोडू नये, मॅडम."

"पुढचं मी वाचलंय."

मी विचारलं, "कुणाकडनं शिकलीस, बाय?"

"आईकडनं. तिला आजीनं सांगितली. आम्ही ती लिहून ठेवत नाही, काकी." मूठ तिनं अजून मिटूनच धरली होती. "मी कुणाची चोरली नाही."

"जा तू," तेजू म्हणाली. "मी कळवणार नाही."

गौरवी डोळे पुसत गेली. मी टेबलावरच्या अक्षता वेचता वेचता म्हटलं, "तो दुसरा निबंध कुणाचा, तेजू?"

"नाव दिसत नाही. माझ्याच विद्यापीठातला. माझ्याच विभागातला."

"तू तिथं होतीस तेव्हाचा?"

"नाही. मागच्या महिन्यातला." ती अंगठा दुसऱ्या हातानं झाकून बसली होती. "आई, यातलं आधीचं कुठलं, हे मला ठरवता येईना."

मी तिला चहा दिला, उंडा मोडून दिला. तिनं तो अगदी पूर्वीसारखाच बुडवून खाल्ला.

देवी दयाळू आहे. मागणाऱ्याचं चुकलं तरी तिला सांभाळून घेता येतं, अशी माझी श्रद्धा आहे. तुमचंही कुणी दूर देशी जाऊन सुखरूप परत आलं असेल, तर देवळात जाल तेव्हा माझं एवढं ऐका. नारळ दोन घ्या, खण दोन घ्या. पहिली ओटी घरी आलेल्या लेकीसाठी भरा. दुसरी तिकडंच राहिलेल्या लेकीसाठी, ती भरताना नाव घेऊ नका. मी म्हणते तसं नुसतं म्हणा, बाय, तिकडं थंडी असेल, जपून राहा.